पोटाच्या ऑपरेशनबद्दल तुम्ही विचारलं होतं

आसगाव, ता. पवनी
२० नोव्हेंबर (दिवाळीनंतरची मंडईची जत्रा होऊन आज सतरा दिवस)

आदरणीय इश्वरभाऊ,

तुमचा जावई तुलाराम याचा बपेऱ्यापर्यंत पोचेल असा रामराम. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद, आणि तुमच्या उजव्या गुडघ्याची वेगळी चौकशी. धान कापून झाला का, चुरणं आटोपलं का, नदीकडच्या बांधीत रानडुकरांनी यंदा तुमच्यासाठी काही ठेवलं का, ते कळवा. इकडे मी ठीक आहे. (हे वाक्य पत्राच्या सुरुवातीला असावं लागतं म्हणून लिहिलं. खरं-खोटं पुढे वाचून तुम्हीच ठरवा.) सौ. सत्यभामा मंडईच्या दुसऱ्या दिवसापासून तुमच्याकडे आहे, तेव्हा आमच्या घरची खुशाली तुम्हाला बहिणीच्या तोंडून कळलीच असेल. तिने न सांगितलेली मी सांगतो.

मोबाईल खिशात असताना हा माणूस पत्र काहून लिहून राहिला, असं तुम्हाला वाटेल. भाऊ, मी तुमच्या नंबरवर चार वेळा फोन केला. चारही वेळा तो सत्यभामेने उचलला. पहिल्यांदा म्हणाली, भाऊ बांधीत गेले. दुसऱ्यांदा म्हणाली, भाऊ आंघोळीला बसले. तिसऱ्यांदा काहीच न बोलता ठेवून दिला, आणि चौथ्यांदा 'राँग नंबर' म्हणाली. चौतीस वर्षं संसार केलेल्या बाईने आपल्याला राँग नंबर म्हणावं, आणि फोन ठेवल्यावर आपल्यालाही त्यात थोडं तथ्य वाटावं, अशी माझी सध्याची अवस्था आहे. तिचा स्वतःचा मोबाईल ती इथेच कोनाड्यात ठेवून गेली. मी तो रोज संध्याकाळी चार्ज करतो. त्यावर कोणाचा फोन येत नाही, कारण तिला फोन करणारा मीच होतो.

असो. पत्र तुमच्या ऑपरेशनबद्दल आहे. पोळ्याला तुम्ही आला होता तेव्हा अंगणातल्या खाटेवर बसून मला हळूच विचारलं होतं की तुलारामजी, वजनाचं ऑपरेशन मीही करून घेऊ का. (खाट त्याच क्षणी कुरकुरली. तिने तिचं मत दिलं.) मी लगेच 'अवश्य घ्या' म्हणालो. तेव्हा माझे सत्तेचाळीस किलो उतरले होते आणि मला वाटत होतं की उतरायचं ते सगळं उतरलं, आता फक्त सुख राहिलं. ते उत्तर घाईचं होतं. म्हणून आता पहिल्यापासून सांगतो.

मी काय होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं पाचवीला गणित शिकवलं, पण तुलाराम गुरुजींना पंचक्रोशीत कोणी गणितासाठी ओळखलं नाही. पंगतीत माझ्या पानापाशी वाढायला दोघे जण उभे करायचे. मुलाकडचे लोक मुलीकडच्यांना मला लांबून दाखवायचे. माझ्या स्वतःच्या लग्नात तुमचे बाबा अख्ख्या बपेऱ्याला सांगत फिरले होते की जावई जेवणारा मिळाला, जिथे एवढं शिजतं तिथे माझी पोरगी कधी उपाशी राहणार नाही. साठी ओलांडली तशी मात्र शरीर ऐकेना. साखर वाढली, गुडघे बसले, झोपेत श्वास अडकायला लागला. आमची तृप्ती नागपूरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. तिने माझ्या रक्ताचा कागद पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी रजा टाकून घरी आली.

नागपूरच्या डॉक्टरांना आधी नेमकं वजन हवं होतं. पवनीच्या दवाखान्यातल्या काट्यावर मी उभा राहिलो तर सुई एकशेवीसवर जाऊन थांबली, तिच्या पुढे आकडेच नव्हते. आमचा शेजारी डोमा धान खरेदी केंद्रावर काट्यापाशी असतो. तो म्हणाला, गुरुजी, आमच्याकडे चला, तिथे काही कमी पडणार नाही. डिसेंबरचे दिवस, ट्रॅक्टरची रांग फाट्यापर्यंत गेलेली. दोन शेतकऱ्यांच्या धानाच्या मधल्या वेळात मला काट्यावर चढवलं. डोमाने सवयीने सगळ्यांना ऐकू जाईल असं पुकारलं, एक क्विंटल एकेचाळीस किलो. रांगेतून कोणीतरी विचारलं की ओलावा किती. सगळे हसले, मीही हसलो. तृप्ती हसली नाही. परत येताना तिने गाडीतूनच नागपूरला फोन लावला, आणि घरी पोचेपर्यंत ऑपरेशन ठरलं होतं.

जानेवारीत झालं. त्रेसष्टाव्या वर्षी. डॉक्टरांनी आधी कागदावर चित्र काढून दाखवलं, आत्ताचं पोट कोहळ्याएवढं, नंतरचं केळ्याएवढं. पाच बारीक छिद्रं पाडतात आणि पोटाचा बहुतेक भाग कापून बाहेर काढतात. (एवढ्या छिद्रातून एवढं पोट कसं निघतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, दुमडून.) ऑपरेशन झाल्यावर त्यांनी तो कापलेला भाग ट्रेमध्ये ठेवून घरच्यांना दाखवायला बाहेर आणला. रक्ताच्या बाटल्यांत दिवस काढणाऱ्या तृप्तीनेही मान फिरवली. सत्यभामा मात्र पुढे झाली, पिशवीतून चष्मा काढून लावला आणि पाहत उभी राहिली. नर्स ट्रे न्यायला लागली तरी ती हलेना. मग म्हणाली, "चौतीस वर्स म्या ज्याच्यात वाढलं, थे हेच होय."

हे मला तृप्तीने चार दिवसांनी सांगितलं. मी टाके सांभाळून हसलो. भाऊ, तिने तो विनोद केला नव्हता, हे कळायला मला दहा महिने लागले.

घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस पाणी, ताकाचं पाणी, पेजेचं पाणी, डाळीचं पाणी. मग चमचा, मग दोन चमचे, आणि आता अर्धी वाटी. नागपूरहून मेघा मॅडम फोन करतात. त्या माझ्या आहाराच्या मालक. वय तृप्तीएवढं, आवाज गोड, आणि दया अजिबात नाही. एक घास तीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही. अर्ध्या वाटीला चाळीस मिनिटं. पूर्वी चाळीस मिनिटांत माझी एक पंगत उठून दुसऱ्या मांडवातली सुरू व्हायची. पण थोडं खाणं हे मुख्य दुःख नाही. मुख्य दुःख हे की भूकच गेली. पोटाच्या ज्या भागात ती तयार व्हायची तोच भाग म्हणे त्यांनी नेला. भूक हे माझं घड्याळ होतं. दहा वाजले हे मला पोटाने कळायचं, चार वाजले हे पोटाने कळायचं, सुट्टीची घंटा चुकली तरी मी चुकत नसे. आता सकाळ होते आणि तशीच पडून राहते. शेजारी लाखोरीची डाळ शिजते, कोणाकडे झिंग्यांचा रस्सा होतो, नाक सगळं बरोबर ओळखतं आणि खाली निरोप पाठवतं, पण खाली कोणी घरीच नसतं. कातडी मात्र सगळी इथेच आहे. एक क्विंटल एकेचाळीस किलोच्या मापाने शिवलेली कातडी ब्याण्णव किलोचा माणूस घालून हिंडतो.

गावात बोलणं झालं की गुरुजींना मोठं दुखणं लागलं. ऑपरेशनचं आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. (सत्यभामेचं म्हणणं, खाऊन खाऊन पोट कापावं लागलं हे कोणत्या तोंडाने सांगायचं.) लोक केळी घेऊन यायचे, आवाज बारीक करून बोलायचे आणि निघताना सत्यभामेला बाजूला नेऊन धीर द्यायचे. पवनीच्या बाजारात एका जुन्या ओळखीच्या माणसाने मला थांबवून विचारलं की तुमचे मोठे भाऊ तुलाराम गुरुजी कसे आहेत. मी म्हणालो, बरे आहेत. तो म्हणाला, चांगला माणूस, जेवताना पाहत राहावं असा. मी म्हणालो, हो. सरकारचंही तेच. या महिन्यात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो, मोबाईलपुढे चेहरा धरायचा. मी पाच वेळा धरला, पाचही वेळा चेहरा जुळत नाही असं आलं. बँकेत गेलो तर तिथल्या मुलीने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फार सभ्यपणे विचारलं की काका, पेन्शनर स्वतः येऊ शकत नाहीत का. शेवटी अंगठ्याच्या ठशावर निभावलं. माझ्यातला अंगठा तेवढा अजून मीच आहे.

मे महिन्यात डोमाच्या पुतण्याचं, अमरचं लग्न होतं. तिथे मी जिलेबीचे दोन वेढे खाल्ले. भूक नव्हती, नुसती ओळख होती. (एकदम गोड खाऊ नका, असं मेघा मॅडमनी बजावलं होतं. ते इतर लोकांसाठी असेल असं मी समजलो.) पंधरा मिनिटांत घाम, कापरं, छातीत ढोल, आणि मी बाजल्यावर आडवा. दारात एकच गाडी तयार उभी होती, ती नवरदेवाची. मागच्या काचेवर 'अमर आणि टीना' लिहिलेलं, चारी बाजूंनी झेंडूच्या माळा, अशा गाडीतून मी पवनीच्या दवाखान्यात उतरलो. तिथल्या लोकांनी आधी नवरी शोधली. वरात दीड तास खोळंबली. सत्यभामा गाडीत माझ्या शेजारी माझा हात धरून बसली होती आणि माझी बाही ओली का होते आहे हे मला कळत नव्हतं. तिच्या हाताला वरणभात होता. ती नुकतीच जेवायला बसली होती.

आता मंडईचं सांगतो. ते सांगायचं टाळत इथवर आलो आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

आमच्या घरी पूर्वी रीत अशी होती की मी जेवायचो, ती वाढायची. माझं झालं की मी हात धुऊन ओसरीवर जायचो, मग ती जेवायची. ती काय खायची, किती खायची, हे मी कधी पाहिलं नाही. पाहायचं नाही असं काही ठरवलेलं नव्हतं, नुसतं कधी मागे वळलो नाही. ऑपरेशननंतर माझी अर्धी वाटी चाळीस मिनिटं चालायची, आणि मेघा मॅडम म्हणाल्या की एकटे जेवू नका, कोणी सोबत बसा. म्हणून ती आपलं ताट घेऊन समोर बसायला लागली. ती डाव्या बाजूने चावते, हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. रस्सा घ्यायच्या आधी ती भातात बोटाने एक छोटी विहीर करते. रस्सा त्या विहिरीबाहेर जाऊ देत नाही. मला ते पाहायला फार आवडायचं. खरं सांगतो, त्या दिवसांत मला आवडण्यासारखं तेवढंच होतं.

मग दसऱ्याच्या सुमारास काय झालं कुणास ठाऊक. स्वतःचे घास मोजता मोजता मी तिचे मोजायला लागलो. माझं पोट बंद पडलं आणि डोळे तिच्या ताटात राहायला गेले. हे तेल जास्त झालं, ते या वयात बरं नाही, असे सल्ले सुरू केले. ती ऐकून घ्यायची. कधी ताट घेऊन आत जायची आणि ओट्यापाशी उभ्यानेच दोन घास खाऊन यायची. ते मी पाहिलं होतं. पाहूनही मी मोजणं सोडलं नाही.

मंडईच्या दिवशी घर भरलं होतं. तृप्ती आणि जावई आले होते, डोमा आणि त्याची बायको जेवायला होती. सत्यभामा पहाटेपासून चुलीपुढे. सुवाऱ्या, कोहळ्याचे बोंडे, वड्यांचा रस्सा, भात. सगळ्यांना वाढून झाल्यावर, दुपार कलल्यावर ती बसली. पहिला भात संपला. तिने दुसऱ्यांदा घ्यायला पळी उचलली. मी माझी वाटी घेऊन समोर बसलो होतो. मी म्हणालो, "अजून घेऊन राहिली का वं?"

एवढंच. डोमा हसला, जावई हसले, मीही हसलो. ज्याला वाढताना या बाईने चौतीस वर्षांत कधी पळी आखडली नाही, तो माणूस हे बोलला आणि हसला. सत्यभामेने पळी भातात परत ठेवली. अर्ध्या ताटावर दुसरं ताट झाकलं आणि उठून हात धुतला. तिने नंतर पाहुण्यांना पानसुपारी दिली, डोमाच्या बायकोला बोंडे बांधून दिले, सगळं रीतसर केलं. फक्त माझ्याकडे पाहिलं नाही. तृप्तीने मला आत बोलावलं आणि दार लोटून म्हणाली, "बाबा, आईनं तुमचं कधी मोजलं होतं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यभामा भावाला भेटून येते म्हणाली आणि निघाली. मी फाट्यापर्यंत पिशवी धरून गेलो. गाडी येईपर्यंत आम्ही दोघे धानाच्या ट्रॅक्टरकडे पाहत उभे होतो. घरी येऊन फ्रीज उघडला तर आत सहा वाट्या झाकून ठेवलेल्या, प्रत्येकीवर कागदाचा कपटा, सकाळ, संध्याकाळ, सकाळ, संध्याकाळ. तीन दिवसांची डाळ आणि पेज. रागावून जाणारी बाई असं करते का, भाऊ? मी त्या सहा वाट्यांवर पाच दिवस काढले. शेवटचा कपटा अजून फ्रीजमध्येच आहे, वाटीशिवाय.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. साखर उतरली, गोळी सुटली, तळ्याच्या पाळीवरून मी आता न थांबता पलीकडे जातो. डॉक्टरांनी त्यांचं काम चोख केलं. ऑपरेशन करून घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण ठरवायच्या आधी एकदा वहिनींना समोर बसवा, त्यांचं जेवण पूर्ण होईपर्यंत उठू नका, आणि तोंड उघडू नका.

बाकी सत्यभामेला तिकडे हवे तितके दिवस राहू द्या. माझी इथे काही अडचण नाही. माझा स्वयंपाक तो केवढा, अर्धी वाटी. कुकरशी माझी ओळख वाढते आहे. (परवा शिट्टी होत नाही म्हणून झाकण काढून पाहायला गेलो. डाळ अजून छताला आहे, पण मी वाचलो.) तिला घाईने पाठवू नका, आणि हे पत्र तिला दाखवू नका. इथे हात थांबवतो.

तुमचा, पूर्वीच्या दोन तृतीयांश उरलेला जावई,
तुलाराम

ता. क. हवे तितके दिवस राहू द्या असं वर लिहिलं आहे. ते खोटं आहे.

ता. क. दुसरा. भाऊ, हे पत्र ऑपरेशनबद्दलही नाही. तिच्यासाठी काहीतरी स्वतः रांधावं आणि घेऊन बपेऱ्याला यावं, असं परवा मनात आलं. ओट्यापुढे उभा राहिलो, गॅस पेटवला, आणि लक्षात आलं की तिला काय आवडतं ते मला माहीत नाही. मी गॅस बंद करून बराच वेळ आठवत बसलो. भाताच्या भांड्याच्या बुडाची खरवड तिला फार आवडते, असं मी इतकी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत आलो. आता वाटतं, तिला ती आवडत होती की तिच्यासाठी तेवढीच उरत होती? तृप्तीला फोन केला. तृप्ती म्हणाली, आईला सगळंच आवडतं. म्हणजे तिलाही माहीत नाही. तुम्ही दोघं लहानपणी एका ताटात जेवलात. लग्नाआधी ती काय मागून घ्यायची, कशासाठी हट्ट करायची, तेवढं मला सांगा. कसं करतात ते वहिनींना विचारा. तिला विचारू नका. ती काही नाही म्हणेल.

ता. क. तिसरा. उत्तराची वाट पाहणं माझ्याने होणार नाही. रविवारी पहिल्या गाडीने निघून भंडारा, तुमसर करत जेवणाच्या वेळेला मी तुमच्याकडे पोचतो. हे पत्र पोस्टात टाकलं तर माझ्या मागून येईल, म्हणून सोबतच आणतो आणि दारातच तुमच्या हातात देतो, कारण एवढं सगळं मला तोंडाने बोलता येणार नाही. तुम्ही वाचेपर्यंत मी अंगणात उभा राहीन. घरी आलेला जावई म्हणून वहिनी मला पहिलं वाढायला लागतील. त्यांना म्हणा, आधी सत्यभामेला बसवा, आणि पळी माझ्या हातात द्या.